नीराबाईच्या दोन खुणा

तर काल आपण लखोट्यापाशी थांबलो होतो. लाखेची मोहोर असलेला तो लखोटा सरकारी लाँचेच्या अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "लाँच कुठून कुठे फिरते हे यात आहे. पण भर कचेरीत वाचलं, तर उद्या चोरटा माल उतरवणाऱ्यांना मोकळं रान."

चौतीस साल. अलिबागच्या कचेरीत मी पट्टेवाला, दारातच उभा. चौकशी होती काशीदच्या हरेश्वर तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, मरणाची. जाळं टाकून होडी उभी होती, वर धुकं उतरलं, काहीतरी धडकलं. हरेश्वर बुडाला, भाऊ मोरू पोहत आला. पंचनाम्यात लिहिलं, तांडेलाने होडी खडकावर घातली. आता अशा घरच्या होडीवर कोण खलाशी चढणार? म्हणून त्याची बायको नीराबाई तिसऱ्यांदा चालत आली होती.

अधिकारी म्हणाला, "लाँच धडकली म्हणता, मग होडी होती कुठे ते सांगा ना."

मोरूने मागे वळून पाहिलं. मागे बसलेले सगळे कोळी कान टवकारून. आता गंमत बघा. मासळीची जागा ही घराची ठेव. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की जागा सापडते, आणि त्या खुणा सख्ख्या मेव्हण्यालाही सांगत नाहीत. म्हणून पंचनाम्याच्या वेळी मोरूने जागा लपवायला ठोकून दिलं होतं, "खडकाकडं." तोच खडक भावाच्या नावावर चढला.

नीराबाई उठली. "सायेब, ह्या मेल्या मोरूनं जागा राखली नि भावाचं नाव घालवलं. त्यांचा लखोटा हाय तसा माझाबी हाय. दोनी तुमी एकट्यानं बगा. बाकीच्यांना काय कराचंय?"

मागून कोणी तरी खोकलं. नीराबाई वळून म्हणाली, "कोंडाजी, तुला तर मुळीच न्हाय."

अधिकारी कुरकुरला, "साहेब, ही रीत नाही."

"रीतीनेच चाललो तर कागदावर खडकच राहील," साहेब म्हणाले, आणि बाईला घेऊन आतल्या खोलीत गेले. सागवानी दार. मी कान लावून पाहिला, खोटं कशाला बोलू. काही ऐकू आलं नाही.

अर्ध्या तासाने बाहेर येऊन साहेबांनी निकाल वाचून दाखवला. "लखोट्यातलं मी सांगणार नाही, बाईने सांगितलेलंही नाही. दोन्ही नकाशावर ताडून पाहिलं. होडी खडकापासून पुष्कळ लांब होती. लाँच त्या वेळी तिथूनच गेली. तांडेलाची चूक नव्हती."

लखोटा पुन्हा मोहोरबंद झाला. अधिकाऱ्याने तो उचलला, आणि जाताना नीराबाईपुढे टोपी काढली. आवारातच कोंडाजी मोरूला विचारत होता, "पुनवेनंतर होडी काढतोस का? मी येतू. माझा भाऊबी येल."

साहेब पायरीवर उभे राहून हसत म्हणाले, "नीराबाई, तुमच्या खुणा आता माझ्या डोक्यात राहिल्या. त्याचं काय करायचं?"

नीराबाईने पदर खोचला. म्हणाली, "ऱ्हाऊं द्या, सायेब. कवा होडीवर खलाशी कमी पडला, तर तुमालाच बोलवीन."