शेवटची पानं नसलेलं पुस्तक

काल अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या गॅरेजमध्ये सून आणि तिच्या मैत्रिणी घानातल्या एका खेड्याच्या वाचनालयासाठी जुनी पुस्तकं खोक्यात भरत होत्या. दमट कागदाचा वास आला आणि मला माझा चौथीचा वर्ग आठवला.

आमच्या शाळेतही शहरातून असंच खोकं आलं होतं. मला गोष्टीचं पुस्तक मिळालं. हरवलेली शेळी शोधायला एक मुलगी रानात शिरते, अंधार पडतो, आणि पुढची पानंच नव्हती. मी विचारलं तर गुरुजी म्हणाले, "फुकट मिळालंय ना? मग तक्रार कसली?" सगळा वर्ग हसला. तेव्हा मला माझीच लाज वाटली होती. आता त्या देणाऱ्याचा संताप येतो. घरातली रद्दी माझ्या गळ्यात मारली आणि वर पुण्य कमावलं.

सुनेनं एक फाटकं पुस्तक खोक्यात टाकलं.

"अगं, याची शेवटची पानं गेलीत."

"चालतं हो आई. तिकडे काहीच नाहीये, समथिंग तर मिळेल."

"तुझ्या मुलीला देशील हे?"

मी अख्खं खोकं जमिनीवर ओतलं आणि म्हटलं, "बसा आता. एकेक पुस्तक शेवटपर्यंत उघडून बघा."