बांधापलीकडची भज्जी

आईला लकवा झाला तेव्हा हातापायापेक्षा तिची जीभ गेली याचं मला जास्त लागलं. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. तीच बाई लातूरच्या दवाखान्यात मुकाट पंख्याकडं बघत पडलेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शब्द गेलेले नाहीत, त्यांना वाट सापडेना झालीय. जिवाभावाची माणसं बोलवा, बोलतं करा. सुरुवातीचे दिवस वाया घालवू नका." मी नांदेडहून माझी पोरं आणली. बिलोलीचा मामा आला, लेकरासारखा रडला. आई ढिम्म. नातीच्या डोक्यावरून चांगला हात तेवढा फिरवला.

मग बाईंनी विचारलं, "यांचं कुणाशी भांडण आहे का?"

"माझ्या काकूशी. तिचं काय इथं?"

"तिलाही बोलवा. माया आणि राग डोक्यात शेजारी-शेजारी राहतात हो. दोन्हीत त्या माणसावरचं ध्यान हटत नाही. ज्याचं काहीच वाटत नाही, त्याच्यासाठी डोकं कष्टच घेत नाही."

मी आधीच तापट, त्यात हे शहाणपण. माझं डोकंच फिरलं. आई मरणाच्या दारातून आलेली, आणि हिला वैरी पाहिजे उशाशी.

आई आणि काकू सख्ख्या जावा, एकाच मांडवात लग्न होऊन आलेल्या. वर्षानुवर्षं एका ताटात जेवल्या. मग रान वाटलं गेलं, मधे बांध पडला. त्याच साली येळवशीला, म्हणजे हिवाळ्यातल्या त्या अमावस्येला आम्ही सगळे रानात जेवतो तेव्हा, पालेभाज्या नि दाणे घोटून केलेली भज्जी खाता-खाता काकू चार पाहुण्यांत बोलून गेली, "आक्काची भज्जी औंदा अळणी झाली." झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. बांधाच्या अलीकडं आमची कडब्याची झोपडीवजा कोप, पलीकडं त्यांची. येळवशीला वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही ही आमच्याकडची रीत. आई रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला हाका मारून बसवायची, पण दहा पावलांवरच्या जावेला नाही. आणि दरवर्षी मला हळूच विचारायची, "तिकडं किती पाहुणे हायेत गं? आंबील कशी झाली म्हणत्यात?"

हे आठवलं आणि बाईंचं म्हणणं थोडं पटलं. काकूला फोन लावला, तोही तोंड वाकडं करून. ती नुसतं "बरं" म्हणाली. दोन-तीन दिवस आलीच नाही. मी मनातल्या मनात तिचा उद्धार केला.

मग येळवस आली. त्या दिवशी लातूर ओस पडतं, सगळी माणसं रानात. दवाखान्यात आमच्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी काकू दारात उभी. येळवशीला आपलं रान सोडून आलेली, हातात डबा. कशी हायेस नाही, काही नाही. मऊ खायला द्यायची परवानगी होतीच. तिनं भज्जी चमच्यानं कालवली आणि आईच्या तोंडाला लावली.

"खा, आक्का."

मला वाटलं आई तोंड फिरवणार. तिनं खाल्लं. हळूहळू घास गिळला. मग कपाळाला आठी पडली, तीच जुनी, पोरगी असताना जिला मी टरकायचे ती. ओठ हलायला लागले. काकूनं चमचा खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"अ... अळ..."

"काय म्हणतीस? नीट म्हण."

"अळणी," आई म्हणाली. थोडा दम खाऊन, काकूकडं बघत, "सटवे."

माझ्या डोळ्याला धारा लागल्या. काकूनं पदरानं आईचं तोंड पुसलं. "असंल अळणी. पुढच्या येळवशीला तू कर, मग बघू." आईनं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं ते सोडेचना.

संध्याकाळी काकूला रिक्षात बसवायला मी खाली गेले. डब्याला उरलेली भज्जी बोटानं चाखली. खरंच मिठाचा कण नव्हता.

"काकू, मीठ विसरलीस का गं?"

"विसरतीय कशाला. घातलंच न्हाई." ती रिक्षात बसली, लुगडं आवरलं. "माझ्या हातचं चांगलं लागलं असतं तर ती मेली तरी बोलली नसती."