खिडकीतलं कोळ्याचं घर

नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद होत्या. सोनपेठच्या अलीकडच्या आमच्या गावातून मला परभणीच्या दवाखान्यात न्यायला काहीच मिळालं नाही आणि सातव्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं. रक्त थांबता थांबेना. सासूबाई जुन्या लुगड्याच्या चिंध्या बदलत बसल्या. मी वाचले, आणि वाचल्याचं मला कौतुक नव्हतं. बायका भेटायला यायच्या, देवाची मर्जी म्हणायच्या, चहा पिऊन जायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

सोबत होती ती खिडकीतल्या एका कोळ्याच्या मादीची. जाळं न विणता उडी मारून माशी धरणारी ती जात. मी जवळ गेले की वळून दोन टपोरे डोळे माझ्यावर रोखायची. चौकटीच्या कोपऱ्यात तिनं कागदासारखं पांढरं घर चिकटवलं होतं, आत पिवळसर अंडी. त्यांना सोडून ती हलत नसे. एका दुपारी वाऱ्यानं खिडकीचं दार आपटलं आणि ती चिरडली.

अंडी राहिली. मी ते दार सुतळीनं गजाला बांधून टाकलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ ओढली. घर झाडणाऱ्या जावेला तिकडं केरसुणी नेऊ दिली नाही. हे म्हणाले, "येड लागलंय का तुला?" लागलं असेल. निदान ही तरी जगावीत, एवढंच मला वाटत होतं. पुढं अंड्यांत काळसर ठिपके दिसायला लागले, त्या दिवशी मी स्वतःहून भाकरी मागून खाल्ली.

आणि मग भोपळा चिरताना विळी अंगठ्यात खोल रुतली. रक्ताची धार लागली. सासूबाई तशाच खिडकीकडं धावल्या, नखानं ते घर खरवडून काढलं, माझ्या अंगठ्यावर दाबलं आणि वर चिंधी आवळली. आमच्याकडं कापल्यावर रक्त थांबायला कोळ्याचं घरच लावतात. त्या काय करतायत हे कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

"जपून ठिवलंस म्हून बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच, तुला रगताचं भ्या बसलंय. म्या बी कुणाला हात लावू दिला न्हाई त्याला."

मी किंचाळणारच होते. पण त्यांनी माझा अंगठा दोन्ही मुठींत घट्ट धरला होता आणि त्या चिंधीवरून नजर हलवत नव्हत्या.

"त्या येळंला मला काईच करता आलं न्हाई गं," त्या रडत म्हणाल्या. "थांबलं का आता?"

चिंधीवरचा डाग वाढत नव्हता.

"थांबलं, आत्याबाई," मी म्हणाले.