सुमनवैनीची कोरी चाय

खोपोलीच्या दवाखान्यातून दादांचा फोन आला, तेव्हा आम्ही तिथूनच येऊन नुकतं घरात पाऊल टाकलं होतं. “गेली रं ती,” एवढंच ते माझ्या नवऱ्याला, विलासला, म्हणाले. दादा माझे थोरले दीर आणि सुमनवैनी माझी जाऊ. तिला जाऊन आता दीडेक महिना होईल.

साजगावच्या अलीकडे आमचं गाव. लग्न होऊन मी कर्जतहून इथे आले, तेव्हा घरात एकाच पातेल्यात सगळ्यांचा चहा व्हायचा. दूध भरपूर आणि साखर इतकी की कप खाली ठेवला तर बशीला चिकटायचा. मला साखर बेताची लागते हे वैनीच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. मग सगळी साखर टाकायच्या आधी ती माझा कप वेगळा गाळून ठेवायला लागली. सासूबाईंना उकळून काळपट झालेला, दादांना साय घातलेला... ज्याचा त्याला ती बरोबर देई. स्वतः मात्र पातेल्यात उरेल तो पिऊन मोकळी होई.

पुढे माळावरची जमीन फार्महाउसवाल्याला द्यायची की नाही, यावरून दोघा भावांचं बिनसलं. चुली वेगळ्या झाल्या, अंगणात कुंपण आलं. त्या घराशी बोलायचं नाही, असं दादांनी वैनीला बजावलं. दादा रसायनीला कारखान्यात होते. त्यांची दुसरी पाळी लागली, त्या दुपारी वैनी आमच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली.

“बोलाया नाय आले,” ती म्हणाली. “चाय प्याया आलेय.”

मी दुधाचं भांडं उचललं, तर तिने हात आडवा केला. तिला कोरी हवी होती, परसातली गवती चहाची पात घालून. मला वाटलं, भांडण आहे म्हणून आमच्या घरचं दूध तिला चालत नाही. मी तसं विचारलंही.

“तसं नाय गं. मला अशीच आवडते,” ती म्हणाली. डोंगरापायथ्याला तिचं माहेर. घरचं दूध सगळं शिळफाट्याला विकायला जायचं आणि पोरं कोऱ्या चहावर वाढायची. तीच चव तिच्या जिभेला बसली होती. मग घरी का करत नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, एकटीसाठी कुठं वेगळं भांडं ठेवायचं.

दुसरी पाळी असली की ती यायची. विलासला हे ठाऊक होतं. कधी तो लवकर घरी आला तर पुढच्या दारातून आत येई आणि स्वतःच कोरा चहा करून तिच्यापुढे ठेवी. अशी बरीच वर्षं गेली. दादा निवृत्त झाले तेव्हा तिचं येणं कमी झालं, पण दादा बाजारात गेले की ती यायचीच.

गेल्या पावसाळ्यात तिचं मूत्रपिंड बिघडलं. दवाखान्यात आम्ही भेटायला गेलो, तेव्हा विलास खोलीच्या दारातच उभा राहिला. दादांनी बाहेरच्या टपरीवरून कागदी कपात चहा आणला होता, दुधाचा, गोड. वैनीने मुकाट्याने कप हातात घेतला.

“दादा,” विलास दारातूनच म्हणाला, “वैनी कोरी घेते.”

इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं ते त्याचं पहिलं वाक्य. दादांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कवापासून?”

“पयल्यापासून,” वैनी म्हणाली.

दादा तिच्या हातातला कप घेऊन खाली गेले आणि कोरा चहा घेऊन आले. तो ती सगळा प्यायली. मग दादांनी कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि विलासला म्हणाले, “बस ना रं.”

कुंपण अजून आहे. पण तेरावं झाल्यापासून दादा दुपारचे आमच्याकडे येतात. एकदा मी त्यांना मुद्दाम कोरा चहा दिला. एक घोट घेऊन त्यांनी कप बाजूला ठेवला. “मला नाय जमायची,” म्हणाले. मी दूध घालून दुसरा केला.

तो हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ती हितं बसून काय बोलायची गं?”

“बहुतेक तुमचंच,” मी म्हटलं.

दादा वाट बघत राहिले. मी गॅस बंद केला, त्यांच्यासमोर बसले आणि आठवेल तिथून सांगायला सुरुवात केली.