लव्हडेची लाल गाडी विकणे आहे

त्रेवेलिनच्या भाजीपाला प्रदर्शनाच्या दिवशी लव्हडे नॅनकॅरोची लाल गाडी तंबूत शिरली आणि थेट म्हाताऱ्या पॅस्कोच्या भोपळ्यात जाऊन थांबली, त्याला कारण तिच्या शेजारच्या डेन्झिलची पास्टी. याबद्दल गावात दुमत नाही. खुद्द डेन्झिलचंही नाही, कारण बॉनेट उघडलं तेव्हा ती पास्टी सगळ्या गावासमोर बाहेर निघाली.

गाडीत पास्टी काय करत होती, असं कॉर्नवॉलमध्ये कुणी विचारत नाही. पास्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली, धष्टपुष्ट बहीण. आत मांस, बटाटा, सलगम, आणि कड अशी दणकट की तिला धरून माणूस समुद्रात पडला तरी ती सुटायची नाही. ती गरमच खायची असते. म्हणून बाहेर निघताना चंदेरी कागदात गुंडाळून इंजिनावर ठेवायची. मुक्कामाला पोहोचेपर्यंत गाडीही तापते आणि पास्टीही. लव्हडेच्या गाडीत तर ही सोय फारच उत्तम, कारण ती गाडी पोहोचण्यापेक्षा तापण्यात जास्त वाकबगार होती.

पास्टी ठेवायचं खातं डेन्झिलकडे होतं. त्या दिवशी त्याने दोघांत एक म्हणून चांगली तान्ह्या बाळाएवढी पास्टी आणली, आणि नेहमीच्या जागी मावेना तेव्हा जरा बाजूला रेटून बसवली. चर्चच्या चढावरच्या वळणाला ती घसरली आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार जिथे येते तिथे पाचरीसारखी जाऊन बसली.

"मी पाय काढलाय," लव्हडे म्हणाली.

"मग पळतेय कशी?"

"तेच तुला विचारतेय. काय ठेवलंस आत?"

हा चढ चढताना ती गाडी वाटेत बसून दम खायची, असा तिचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र शेपटीला फटाक्यांची माळ लावल्यासारखी उधळली. डेन्झिलची टोपी पहिल्या वळणाला गेली, चष्मा दुसऱ्या वळणाला कानावर आला. वर पोहोचले तर उजव्या हाताला कुत्र्यांची शर्यत, सगळी पोरंटोरं तिकडे. समोर पॅस्कोच्या गायी. डाव्या हाताला भाज्यांचा तंबू, आत माणूस नाही. लव्हडेने पापणी न लववता तंबू निवडला. जॅमच्या बरण्या एकीकडे, कांद्यांच्या वेण्या दुसरीकडे, मधून गाडी सुईत दोरा घालावा तशी घातली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एक बरणी पडली नाही. फक्त पुढे पॅस्कोचा भोपळा होता. त्याला परीक्षकांनी मरणोत्तर पहिलं बक्षीस दिलं.

"बिअर पाजून वाढवला होता त्याला," पॅस्को हॅट काढून म्हणाला.

खरं सांगायचं तर त्या चढावर डेन्झिलला जो आनंद झाला तसा त्याला लग्नातही झाला नव्हता. पण पास्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने आनंदाबद्दल बोलू नये, एवढी समज त्याला होती.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीत कागद लागला. 'लाल गाडी विकणे आहे. दोन माणसांची. छत गळते. लव्हडे.'

ते वाचून डेन्झिल तिकीट न घेताच घरी आला.

या लव्हडेने सबंध उमर शाळेची बस चालवली होती. कॉर्नवॉलचे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच दगडमातीचे बांध, वर झुडपं, आणि मधे एका गाडीपुरती फट. त्या फटीतून ती सकाळ-संध्याकाळ बसभर पोरं न्यायची. पुढे कायम कुणाचा तरी ट्रॅक्टर, मागे रडणं, ओकणं, मारामाऱ्या आणि एकदा खिशातून आणलेला खेकडा. गावातली चाळिशीच्या आतली सगळी माणसं तिच्या बसमधून मोठी झाली. कोण कुठल्या सीटवर बसायचं, कोणी कुणाची वेणी बाकाला बांधली, सगळं तिच्या डोक्यात. पण इतक्या वर्षांत तिने बांधाचं एक पान पाडलं नव्हतं, आणि तिसऱ्या गिअरच्या पुढचा गिअरही पाहिला नव्हता.

बस सोडली त्याच आठवड्यात ती ही लाल, कापडी छत दुमडून उघडी होणारी, बुटकी गाडी घेऊन आली. जुनीच. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही. त्यांनाही मुलंबाळं असतील. "आता माझ्यापुढे कुणी नाही आणि मागेही कुणी नाही," असं म्हणून ती जी निघाली ती गावच्या वेशीवर बंद पडली. तेव्हापासून हेच. पावसात सुरू व्हायची नाही, उन्हात तापायची, आणि हवा छान असली की तिचं मन लागायचं नाही. मग लव्हडे बांधाला टेकून उभी राहायची आणि जो येईल तो तिच्या बसमधलाच निघायचा.

"लव्हडेमावशी, पुन्हा का?" असं म्हणत जोरी त्याचा गाड्या ओढायचा दोरवाला ट्रक थांबवायचा. हा जोरी लहानपणी बसमध्ये रोज एकाच वळणावर ओकायचा. अजूनही त्या वळणावर लव्हडे त्याला ट्रकची काच खाली करायला लावते.

आणि दर बुधवारी ती डेन्झिलला घेऊन समुद्राच्या कड्यावर जायची. पोहोचले तर तिथे पास्टी, नाही पोहोचले तर रस्त्यात पास्टी. बायको गेल्यावर डेन्झिलच्या आठवड्याला बुधवार तेवढा उरला होता. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिकडचे पुरुष असलं काही सांगत नाहीत, हवेबद्दल बोलतात.

"वारा पश्चिमेचा आहे," तो कुंपणावरून म्हणाला.

"कागद वाचलास वाटतं," लव्हडे म्हणाली.

"छत गळतं असं कुणी लिहितं का, पोरी?"

"गळतं ना?"

"गळतं. पण माझ्या बाजूने गळतं. मी काही बोललोय का?" मग जरा थांबून, "दुरुस्त होईल ती. पुढचा दिवा तेवढा वर बघतोय."

"दिव्याचं नाही रे. इतकी वर्षं बस चालवली, कुणी नाव ठेवलं नाही. आता दुकानात गेले की विचारतात, लव्हडे, आज कुठल्या भाजीत?"

"ते पास्टीला हसतात."

"पास्टी गाडी चालवत नव्हती, डेन्झिल."

वाऱ्याबद्दल सगळं बोलून झालं होतं.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या आणि गिऱ्हाईक आलं. वरच्या मुलखातले, लंडनकडचे मिस्टर ऑल्डर्सी. हातात कातडी मोजे, डोक्यावर चौकड्यांची टोपी, आणि बोलणं असं की ताकाला जाऊन भांडं लपवावं. गाडी बघायला आलोय म्हणेनात. आधी बागेचं कौतुक केलं, मग मांजराचं, मग म्हणाले, "आणि ही ती, नाही का."

लव्हडेने एकेक दोष सांगायला घेतला. तेल पिते. डावीकडे ओढते. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, टाकी रिकामी असली तरी.

"वा, किती गोड," ऑल्डर्सी म्हणाले.

"दार आतून उघडत नाही."

"स्वभाव आहे हो गाडीला."

डेन्झिल कुंपणावरून सगळं ऐकत होता. दोष ऐकून जो माणूस असा फुलतो, त्याला हटवायचं कशाने? त्याची सगळी भिस्त आता गाडीवर होती. फिरवून बघायला निघाले की ती बंद पडेल, चांगली चिखलात पडेल, मोज्यांसकट यांना ढकलायला लावेल. सुकाणूवर ऑल्डर्सी बसले, शेजारी लव्हडे. "वाटेत काही झालं तर हाताशी माणूस असावा," असं म्हणून डेन्झिल मागच्या फळीवर घडीच्या खुर्चीसारखा मिटून बसला.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

गद्दार. याआधी कधी म्हणून झाली नव्हती. गुरगुरत गावाबाहेर पडली, चर्चचा चढ एका दमात चढली, वळणावर मांजरासारखी अंग चोरून वळली. केस उडतायत, समुद्र कधी या अंगाला कधी त्या अंगाला चमकतोय, ऑल्डर्सींच्या तोंडून नुसतं "ओहो, ओहो". डेन्झिल मनातल्या मनात गाडीच्या विनवण्या करत होता. तापते का? नाही. खोकते का? नाही. लग्नाच्या मुलीला बघायला पाहुणे यावेत आणि रोज भांडी आपटणारी पोर एकदम पदर सावरून चहा घेऊन यावी, तशी चालली होती.

आणि त्या अरुंद गल्लीत, बांधांच्या मधे, वळण घेतल्याबरोबर समोर शाळेची बस.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. बसवर आता मॉर्वेना असते. तीही लव्हडेच्याच बसमधली, मागच्या बाकावरची. आपल्याकडे घाटात चढणाऱ्याला वाट देतात, तसा इथला कायदा असा की बस मागे जात नाही. बाकी जो असेल, पाहुणा असो, पाद्री असो की वऱ्हाड, त्याने शेताच्या फाटकापाशी बांधात जी गाडीपुरती खोबण असते तिथपर्यंत मुकाट्याने मागे जायचं. खोबण बरीच मागे, तीन वळणं सोडून होती.

ऑल्डर्सींनी गिअरला हात घातला. करर्र आवाज आला. पुन्हा घातला. पुन्हा करर्र. मग त्यांनी मागे वळून ती तीन वळणं पाहिली आणि घाम पुसला.

"मला वाटतं, बसलाच जरा मागे जाता आलं तर," ते म्हणाले आणि त्यांनी हॉर्न वाजवला.

बसमधला गोंगाट एकदम थांबला. मॉर्वेनाने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं.

"लव्हडेमावशी, हे तुमचे आहेत का?"

"अजून नाहीत," लव्हडे म्हणाली. "साहेब, उतरा. दार बाहेरून उघडावं लागेल. डेन्झिल, उघड. तुम्ही इकडे या."

जागा बदलल्या. रिव्हर्स पडायचा तर या गाडीत दांडा उचलून त्याला गुडघ्याने एक ठेवून द्यावी लागते, तिने दिली. मग एक हात सीटच्या पाठीवर टाकून ती मागे वळली आणि डेन्झिलच्या कानावरून रस्त्याकडे बघत म्हणाली, "मान खाली."

त्याने मान खाली घातली आणि गाडी सुटली.

पुढे जाताना त्या गाडीने कधी असा वेग पाहिला नसेल. बांधावरची फुलं दोन्ही बाजूंनी लाल-पिवळी रेघ होऊन पळायला लागली. पहिलं वळण. डेन्झिलला एका डोळ्याने दगड दिसले, बोटभर अंतरावर, आणि गेले. बस मागून, म्हणजे पुढून, येतच होती; मॉर्वेनाही काही कमी नव्हती. काचांना पोरांची नाकं चिकटली होती. दुसऱ्या वळणाला पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली, "मावशी, मावशी, मावशी." लव्हडेची जीभ दातांत, गाल लाल, आणि डोळ्यांत असलं काही की डेन्झिलने ते एकदाच पाहिलं होतं, पास्टीच्या दिवशी. तेव्हा त्याला वाटलं होतं की ती घाबरलीय.

तिसऱ्या वळणानंतर तिने वेग तिळभर कमी न करता गाडी फाटकाच्या खोबणीत अशी घातली की पेटीत काडी. बस शेजारून गेली. मॉर्वेनाने सुकाणूवरचं एक बोट उचललं. लव्हडेने एक बोट उचललं. एवढंच. पण आख्ख्या त्रेवेलिनमध्ये याहून मोठा सत्कार नसतो.

ऑल्डर्सींची टोपी कुठेतरी बांधावर राहिली होती. तिकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग म्हणाले, "मी घेतो. तुम्ही सांगाल त्या किमतीला घेतो."

डेन्झिलने फळीवर डोळे मिटले.

"घरी चला," लव्हडे म्हणाली.

घरी आल्यावर तिने त्यांना चहा दिला, केशराचा पाव दिला, आणि चहा संपल्यावर सांगितलं, "गाडी विकायची नाही."

"पण तो कागद..."

"तो मी काढते."

ऑल्डर्सी मोठ्या खानदानी माणसासारखे हसले, मांजराचं पुन्हा एकदा कौतुक केलं आणि गेले. त्यांची गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी होते न होते तोच लव्हडेने लाल गाडी शेडमध्ये घ्यायला किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, एकदा शिंकली आणि बंद पडली. खाली तेलाचं छोटंसं तळं झालं. डेन्झिलला तिचा मुका घ्यावासा वाटला.

त्याने खांदा लावला. लव्हडे सुकाणूवर, तो मागे, जुनी वहिवाट. ढकलता ढकलता त्याला राहवेना.

"मला कळलं, पोरी," तो धापा टाकत म्हणाला. "ती पोरं ओरडली ना, मावशी मावशी, तिथेच तुझं मन फिरलं."

तिने सुकाणू जरा डावीकडे घेतलं.

"किंवा मग गाडीच. आज कशी वागली बघ. तिने तुझी लाज राखली. आता भोपळ्याचं नाव काढायची कुणाची छाती नाही." गाडी उंबऱ्यावर अडली, त्याने पाठ लावली. आणि कॉर्नवॉलचा पुरुष असूनही, वाऱ्याबद्दल अवाक्षर न काढता, त्याने विचारून टाकलं. "की बुधवारसाठी? खरं सांग. का नाही विकलीस?"

गाडी आत गेली. लव्हडेने हँडब्रेक ओढला.

"त्याला रिव्हर्स येत नाही," ती म्हणाली.