एक नळी गरम, एक गार

सेलूच्या तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहितो. माझ्या टेबलालगतच्या टपरीत एक कारागीर संगणक दुरुस्त करतो. यंत्रावर तळहात ठेवून तो डोळे मिटतो आणि गिऱ्हाइकाला निर्विकारपणे सांगतो, "मेलं. घेऊन जा." या उद्धटपणाबद्दल मी त्याला अनेकदा समज दिली आहे.

परवा एक बाई मुलाचा संगणक घेऊन आल्या. मुलगा वारल्यापासून त्या तो रोज सायंकाळी सुरू करीत. ग्राफिक्स कार्ड गार ठेवणारे पाणी आत खुळखुळले, की लेक खोलीतच बसला आहे असे त्यांना वाटे. आता यंत्र तापून बंद पडत होते.

त्याने कार्डाच्या दोन्ही नळ्या चाचपल्या. एक पोळत होती, दुसरी गार होती. पंप पाणी फिरवतच नव्हता.

"पाणी काढून पंखा लावून देऊ, माय?"

"नको रे बाप्पा. त्याचा आवाज बदलन."

त्याने संगणकाचा डबा तिरपा करून हलकेच थोपटला. अडकलेली हवा सरली, पाणी खुळखुळले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"थकलं होतं, माय. बंद पडलं तं पुन्हा आणजो."

त्या गेल्यावर मी विचारले, "किती दिवस टिकेल?"

"पंप मेला हाये, बाबूजी. हलवलं म्हून पाणी वाजलं," कोरडेच हात पुसत तो म्हणाला. "तिले कसं सांगू?"