बारेदाकाकांची बाटली

२०१७ च्या जानेवारीत कॅनडातल्या रेजिना गावच्या मराठी मंडळात एक बातमी पक्की झाली होती: मुलांना वॉटरकलर शिकवणारा तो स्पॅनिश म्हातारा भर दुपारी तळ्याकाठी दारू पितो. सीमामावशीने ग्रोसरीहून येताना गाडीतून स्वतः पाहिलं होतं. मांडीवर कागद, हातात ब्रश आणि शेजारी व्होडकाची उघडी बाटली. "आणि नाक कसलं लालभडक," असंही ती म्हणाली. उणे अठरामध्ये आमच्या गावात कोणाचं नाक लाल नसतं, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

खरं मला नंतर कळलं, ते असं की अन्सेल्मो बारेदा दारूला शिवत नसत. एवढ्या थंडीत उघड्यावर चित्र काढायला बसलं की ब्रश बुडवायचं पाणी बघता बघता गोठतं. म्हणून ते त्यात व्होडका ओतायचे. पोटॅशच्या खाणीचे नकाशे काढायला ते १९७४ मध्ये स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरून इथे आले. तीस वर्षं जमिनीखालचे बोगदे आखले, आणि सुट्टीच्या दिवशी जमिनीवरचं आभाळ रंगवलं. चित्रं कोणी फारशी घेतली नाहीत. एकदा त्यांनी आपल्या गावी नेऊन ती मांडली, तर तिथल्या पेपरात आलं, 'कॅनडाचे चित्रकार'. इथे लायब्ररीच्या भिंतीवर लावली, तर खाली चिठ्ठी, 'स्पॅनिश चित्रकार'. "दोघंही मला दुसऱ्याच्या घरी पाठवतात," ते म्हणायचे. बोलायचे अर्थात इंग्रजीत, पण 'स'च्या आधी 'ए' लावून. स्नोचा एस्नो, स्कूलचं एस्कूल. आणि 'व्ह'चा 'ब', त्यामुळे व्होडकाचा व्हायचा बोडका. स्वतःच्या चकचकीत टकलावर टोपी ओढत ते बोडका म्हणाले की मला हसू आवरायचं नाही.

त्यांचं बोलणं मला पाठ, कारण माझा भाऊ नील त्यांच्याकडे शिकायचा आणि त्याला आणायला मी जायचे. वर्गात सात मुलं, सातही आमच्या मंडळातली. आमच्यात एकीने मूल कुठे घातलं की बाकीच्या सहा चौकशी न करता तिथेच घालतात. कम्युनिटी सेंटरने त्यांना ती उत्तरेच्या खिडकीची खोली वापरायला दिली होती, अट एवढीच की शनिवारचा वर्ग चालावा आणि त्यात निदान पाच मुलं असावीत. त्यांच्या अपार्टमेंटमध्ये टेबलसुद्धा धड मावत नव्हतं. खोली गेली तर एडमंटनला मुलीच्या बेसमेंटमध्ये जायचं, आणि तिथे उजेड नाही.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मी नकला केल्या. दरवर्षी करते. आधी अध्यक्षांचं 'दोनच शब्द बोलतो' केलं, मग सीमामावशीचं फोनवरचं 'नाही गं, मी कुठे कोणाला सांगते', आणि शेवटी झोकांड्या खाणारे बारेदाकाका: "एस्मॉल बोडका, प्लीज." लोक तिळगूळ हातात धरून डोळे पुसत होते. ईश्वरकाकांना ठसका लागला. दोनदा वन्समोअर घेतला.

पुढच्या शनिवारी वर्गात एकटा नील होता. तोही घरी रडला म्हणून आईने पाठवलेला.

"बाकीचे कुठे?" काकांनी मला विचारलं.

"शी डिड यू," नील म्हणाला. "ड्रंक. एव्हरीबडी लाफ्ड."

काकांनी ब्रश झटकला. "कर बघू."

मी केलं. काय करणार? ते नीट ऐकत होते.

"एस बरोबर आहे," ते म्हणाले. "चाल चुकली. प्यालेला माणूस झोकांड्या खात नाही. तो फार जपून चालतो, काचेवरून चालल्यासारखा. माझे वडील रोज तसे घरी यायचे. म्हणून मी कधी घेतली नाही." मग त्यांनी पाणी आणि व्होडकाचं सांगितलं.

"मी सगळ्यांना सांगते," मी म्हटलं. "महिन्याभरात चार तरी परत येतील."

"एकही येणार नाही. पैज?"

"पैज. मी जिंकले तर तुमची टोपी माझी."

"आणि हरलीस तर दोन तास माझ्यासमोर बसायचं. न बोलता."

"त्यात काय मोठं," मी म्हटलं, तेव्हा नील खो खो हसला.

मी सहाही घरी गेले. वनिताकाकू म्हणाली, "म्हणजे व्होडका होतीच की." सीमामावशी म्हणाली, "मी कुठे म्हटलं पितो? मी म्हटलं बाटली दिसली." ईश्वरकाका म्हणाले, "असेल गं खरं, पण आता सगळी मुलं बुद्धिबळाला घातली ना." म्हणजे एकीने घातलं होतं. आणि मी बूट चढवत असताना प्रत्येक घरात कोणीतरी म्हणायचं, "जाता जाता ते कर ना एकदा, बोडका."

पहिल्या दोन घरांत मी केलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत एकही मूल आलं नव्हतं, आणि त्या दिवशी पाच वाजता खोलीची किल्ली परत द्यायची होती. तीन वाजता मी खिडकीपाशी बसले. एक ऑफिसवाली बाई खुर्च्या मोजायला आली. तिचं 'ओके डोकी' असं काही नाकातून यायचं की माझ्या जिभेवर ते तयार होतं. गिळलं. काकांनी कागदावर आधी माझे डोळे काढले, मग नाक, मग केस.

"तोंड शेवटी," ते म्हणाले. "ते हलतं."

माझं हलत नव्हतं. पण पाच वाजले, बाई किल्लीसाठी हात पुढे करून उभी राहिली, आणि त्यांनी चित्राची फळी टेबलावर आडवी ठेवली.

"पैज फिटली," ते म्हणाले, आणि तोंड काढायचं राहिलेला ओला कागद माझ्या हातात दिला. मग टोपी घातली आणि बर्फावरून फार जपून, काचेवरून चालल्यासारखे, बस स्टॉपकडे गेले.